कँटीनच्या मावशींना, अर्ध्या ग्लासाबद्दल

मावशी,

हे पत्र तुमची धाकटी तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, म्हणून साधंच लिहितोय. शुक्रवारी तुम्ही कँटीनच्या चाव्या देऊन निघालात तेव्हा मी समोरच होतो, पण घसा दाटून आला आणि नुसतं "येत जा" एवढंच म्हणालो. बोलायचं राहिलं ते हे.

अण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या टेबलावर कुणालाच काही सुचेना. मी चौदा वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय. सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला दिसला की माझं आकड्यांवरून लक्षच उडायचं. सोमवार सगळ्यात वाईट. डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे शनिवार-रविवारचं साचलेलं पाणी अंगात घेऊन ते सोमवारी यायचे, जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबायचे. मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या मागून चढायचो, पडलेच तर धरता यावं म्हणून.

तेव्हाच्या साहेबांना ते दिसलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की हा माणूस आठवड्यातून तीनदा तीन वाजता उठतो. अर्धी रजा मांडायला लावली. मशीनवरच्या माणसाला जबाबदारीचं काम नको म्हणून त्यांच्या हातातलं टेबल काढून घेतलं, तेही सगळ्यांदेखत. ज्यांनी वीस वर्षांचे मार्चअखेर निभावून नेले त्या अण्णांचं! आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. मीही. त्याची बोच अजून गेलेली नाही.

आणि जे प्रेमाने यायचे ते शहाळी घेऊन यायचे. शहाळ्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, असं अण्णा बिचारे प्रत्येकाला समजावायचे. तरी "थोडं घ्या हो, काही होत नाही" चालूच. आजारी माणसाचं ऐकून घ्यायला आपल्याला इतकं जड का जातं, मला कळत नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "अण्णा, पाणी किती सांगितलंय?" दिवसाला एक लिटर. त्यात चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं. तुम्ही मान डोलावलीत आणि गेलात. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्याशेजारी तुमची वाटी यायला लागली. बटाटा असला तर चिरून, उकळून, ते पाणी फेकून केलेला, मीठ नावापुरतं.

पण मला लिहायचंय ते चहाबद्दल. त्या उन्हाळ्यात अकराचा चहा अचानक अर्धा ग्लास यायला लागला. सगळ्यांनाच. मी कुरकुर केली, "मावशी, हे काय?" तुम्ही म्हणालात, "दूध कमी येतंय, साहेब." लोकांनी टोमणे मारले, कुणी म्हणालं मावशी नफा खायला शिकली. तुम्ही पैसेही निम्मेच घेत होतात, हे कुणी बोललं नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि ट्रे उचलून गेलात.

मला दोन महिन्यांनी कळलं. त्याआधी सगळे भरले ग्लास घेऊन गप्पा मारायचे आणि अण्णा आपला तळाशी घोटभर चहा असलेला ग्लास हाताने झाकून धरायचे. मी शेजारी बसून ते पाहिलं नव्हतं. तुम्ही ट्रे घेऊन दारातून येता-जाता पाहिलं होतंत. अर्ध्या ग्लासांच्या त्या ट्रेमध्ये त्यांचा ग्लास वेगळा दिसेनासा झाला. हात झाकायचा थांबला. ते पुन्हा हसून बोलायला लागले, मार्चअखेरचे जुने किस्से सांगायला लागले.

तुमचा भाऊ चार वर्षं डायलिसिसवर होता, हे तुम्ही शुक्रवारी जाता जाता सांगितलंत. एवढं सोसलेलं माणूस कडू होऊ शकतं. तुमच्यात त्याची नजर झाली. आमच्या ऑफिसात पदं पुष्कळ आहेत, मावशी, पण माणूस न बोलता ओळखणारी नजर मला तुमच्याकडेच दिसली. दुखणाऱ्याला वेगळं न पाडता त्याच्यासाठी काही करायचं, हे मी तुमच्याकडून पाहिलं.

अण्णांचं नाव पुण्याच्या किडनीच्या प्रतीक्षायादीत आहे. फोन वाजला की आम्ही दोघेही दचकतो. डाव्या हातावर सुया टोचून टोचून गाठी आल्यात, पण परवा जिना एका दमात चढले.

आता कँटीनच्या जागी चहाचं मशीन आलंय. बटण दाबलं की कागदी कप काठोकाठ भरतो, मध्ये थांबत नाही. आज अकराला अण्णांनी आपला कप घेतला, काही न बोलता अर्ध्याहून जास्त माझ्या रिकाम्या ग्लासात ओतला आणि म्हणाले, "मावशींच्या मापाने."

तुमचा एक ग्लास त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहिलाय. हिशेबात कमी पडत असेल तर कळवा, मी दुसरा आणून देतो. तो मात्र त्यांच्याकडेच राहू द्या.

तुमचा,
खिडकीजवळच्या टेबलावरचा