पासवर्ड पेस्ट करणं बंद केल्याने सुरक्षा वाढत नाही

महोदय,
'पासवर्ड दर महिन्याला बदला, पेस्ट बंद ठेवा' असा सल्ला देणारा कालचा लेख वाचला, अजिबात पटला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कमी दिसतं, तो एकेक अक्षर शोधून टाइप करतो तोवर वेळ संपते आणि पुन्हा पहिल्यापासून, शेवटी त्याने जाड स्केचपेनने पासवर्ड लिहून मॉनिटरलाच चिकटवला, मग सुरक्षा राहिली कुठे? तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, पेस्ट करू द्या. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या नियमावलीतही लॉगिन फक्त पाठांतरावर नको असंच आहे. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप), पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने लॉगिन) चालू द्या, आणि नियम करण्याआधी कमी दिसणाऱ्या माणसाला एकदा लॉगिन करायला बसवून बघा.

- एक वाचक