तात्यांच्या छातीच्या ऑपरेशनसाठी तातडीने मदत हवी आहे, कृपया पूर्ण वाचा

नमस्कार मंडळी,
2019 च्या पुरात आपल्या मंडळाने काय केलं ते सांगलीकरांना सांगायला नको, तरी लिहितोच. वरच्या मजल्यांवर अडकलेल्या लोकांना ट्यूबवरून भाकरी-चटणी पोचवणारी आपलीच पोरं होती आणि सगळ्यात पुढं छातीएवढ्या पाण्यात दोर धरून तात्या. भांडीवाल्या शेठनी तेव्हा पातेली न मोजता दिली, कोरोनात आपल्या शाळेतल्या रिटायर्ड बाईंनी अख्खी पेन्शन ऑक्सिजन मशीनसाठी दिली, हे उपकार मंडळ विसरणार नाही.

आता तात्यांवरच वेळ आलीय. बायपास नीट झाली पण शुगर जुनी, जखम भरेचना, बनियनला रोज पिवळा डाग, खोकलं की हाड कटकट हलतंय म्हणायचे. बरेच दिवस नुसत्या गोळ्यांवर काढले, शेवटी सीटी स्कॅनमध्ये कळलं की छातीच्या मधल्या हाडातच इन्फेक्शन शिरलंय. मेलेल्या हाडाला रक्तच पोचत नाही तर औषध कुठनं पोचणार, म्हणून ऑपरेशन करून बायपासवेळी कापलेलं छातीचं हाड ज्यांनी बांधलं होतं त्या स्टीलच्या तारा काढल्या, सडलेलं हाड खरवडून काढलं. सध्या जखमेत स्पंज बसवून व्हॅक मशीन लावलंय, ते आतली घाण ओढून घेतं, पण स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो आणि दर वेळी वेगळं बिल. जखम स्वच्छ झाली की प्लास्टिक सर्जन छातीचे दोन्हीकडचे स्नायू मधे सरकवून तो खड्डा बुजवणार, त्या स्नायूंचा रक्तपुरवठा चालू राहतो म्हणून जखम भरायला जोर मिळतो. नंतरही साधारण सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक.

मागच्या आवाहनाला ग्रुपवर हात जोडलेले भरपूर आले, पैसे मोजक्याच घरांतून आले. वाईट वाटलं, खरं सांगतो. ज्यांच्या घरात तात्या पुरात शिरले होते त्यांनी तरी या वेळी गप्प बसू नये.

अंदाजे खर्च साडेतीन लाख, जमा नव्वद हजार, सरकारी मदतीचे कागद दिलेत पण थांबायला वेळ नाही. क्यूआर नेहमीचाच, मंडळाच्या खात्याचा, मेसेजमध्ये 'तात्या' लिहा. रोख फक्त ऑफिसात, संध्याकाळी 7 ते 9, पावती घ्याच. बी पॉझिटिव्ह रक्त देणाऱ्यांनी आणि रात्री दवाखान्यात थांबू शकणाऱ्या पोरांनी आजच नाव सांगा, वहिनी एकट्याच आहेत.

– सचिव