गळ्यातलं कार्ड

प्रिय सई,

परवा फोन मीच ठेवला. तू पुन्हा केलास, तोही घेतला नाही. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी चहापुरतंच बोलते.

कार्डाचा विषय आता काढणार नाही.

पण 2024 च्या जुलैत बटलरला ट्रम्पच्या सभेत गोळ्या सुटल्या, तेव्हा गर्दीतले काहीजण पत्रकारांच्या कठड्याकडे वळून शिव्या घालत होते. त्याच पेनसिल्व्हेनियात तू गळ्यात प्रेसचं कार्ड अडकवून फिरतेस. आणि कार्डाने वाचतं तरी कोण? 2020 ला मिनियापोलिसमध्ये सीएनएनचा वार्ताहर कार्ड दाखवत होता, तरी पोलिसांनी चालू कॅमेऱ्यासमोर त्याला बेड्या घातल्या.

बघ, काढलाच.

तू म्हणालीस, "लोक वाईट नाहीत बाबा, त्यांना वार्ताहर भेटतच नाही." ते मला पटलं होतं, कबूल करवलं नाही. ओहायोतल्या यंग्जटाउनचा 'विंडिकेटर' पेपर 150 वर्षं चालून 2019 ला बंद पडला. कुणाच्या पोराने मॅच जिंकली, कोण वारलं, पालिकेत कुणी पैसे खाल्ले, हे लिहिणारा ओळखीचा माणूस गेला, उरला टीव्ही. तिथल्या रेडिओ-टीव्हीवर दोन्ही बाजू मांडायचं बंधन 1987 ला उठलं आणि 1996 ला फॉक्स न्यूज, एमएसएनबीसी हे दोन्ही केबल चॅनेल निघाले. (केबलला ते बंधन नव्हतंच, असं तू दुरुस्त करशील. कर. जन्मभर प्रूफं तपासणाऱ्याची मुलगी आहेस.)

तर अशा गावात गेलीस की आधी ऐकून घे, प्रश्न नंतर. डोळ्यांत डोळे घालून वाद नको. अंधार पडायच्या आत... जाऊ दे. कुणाला शिकवतोय मी!

शनिवारी तू प्रेसमध्ये यायचीस ते आठवतं? छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून तुझं नाव लावलं, तर "उलटं का?" म्हणून भोकाड पसरलंस. छापून दाखवल्यावरच थांबलीस. फ्रॉकभर शाई, आणि घरी बोलणी मला.

शाळा बंद पडल्याची तुझी ती बातमी वाचनालयातल्या फळ्यावर लावलीय. अप्पाला इंग्रजी येत नाही, तरी तुझ्या नावावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवतो.

मेतकूट पाठवलंय. थंडीचा कोट घेशील तेव्हा आत खिसा आहे का बघ. कार्ड मावेल एवढा.

बाबा