जोकरच्या आधीचा चेहरा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला पडद्यावरच्या खलनायकांवरचा लेख वाचला. बॅटमॅनच्या जोकरवर अर्धा रकाना खर्ची पडला आहे, पण ज्याच्या चेहऱ्यावरून तो जोकर सुचला त्या कॉनराड फाइट या जर्मन नटाचा साधा उल्लेखही नाही. म्हणून हे पत्र.

'द मॅन हू लाफ्स' हा १९२८ चा मूकपट. त्यात ज्याचे ओठ कायमचे हसरे करून टाकलेत अशा दुर्दैवी माणसाचे काम फाइटने केले. खोट्या कवळीला आकडे लावून ओठ मागे ओढून धरलेले असत. ती तोंडात असताना बोलायची सोय नाही. तोंडभर हसू आणि रडायचे ते फक्त डोळ्यांनी! तो खलनायक नव्हता, पण चेहरा जोकरला मिळाला.

फाइटचा जन्म बर्लिनचा, १८९३ चा. १९२० च्या 'डॉ. कॅलिगरी'मध्ये झोपेत चालत खून करणारा सेझारे त्याने रंगवला. पुढच्याच वर्षी एका जर्मन चित्रपटात हा बर्लिनकर चक्क हिंदुस्थानी महाराजा झाला होता. 'थीफ ऑफ बगदाद'मधला (१९४०) दुष्ट जाफरही तोच, समोर आपला म्हैसूरचा नट साबू.

पण मला सांगायचे आहे ते निराळेच. १९३३ मध्ये नाझींनी कलावंतांकडून वंशाचे फॉर्म भरून घेतले. फाइट स्वतः ख्रिस्ती, बायको लिली ज्यू. पठ्ठ्याने स्वतःच्या रकान्यात 'ज्यू' लिहिले आणि दोघांनी इंग्लंड गाठले. पुढे हॉलिवुडमध्ये वाट्याला नाझींचीच कामे आली, तेव्हा नाझी रंगवायचा तर तो खलनायकच हवा, हा त्याचा आग्रह.

'कॅसाब्लांका' चित्रपटात फाइटने रंगवलेला नाझी मेजर स्ट्रासर आठवा. जर्मन अधिकारी पियानोभोवती गात असतात, आणि सगळा कॅफे फ्रेंच राष्ट्रगीत म्हणत त्यांचा आवाज बुडवतो. गाणाऱ्यांतले काही नट खरोखरच नाझींपासून पळून आलेले होते. चिडून कॅफे बंद करायला लावणारा मेजर रंगवणारा फाइटही त्या पळून आलेल्यांतलाच!

एप्रिल १९४३ मध्ये लॉस एंजेलिसला गोल्फ खेळताना हृदयविकाराने तो गेला, वय अवघे ५०. 'कॅसाब्लांका'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले ते पुढच्या वर्षी.

लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर त्याला चार ओळी द्याव्यात. आणि कृपया 'व्हिट' छापू नका, जर्मन उच्चार फाइट असा आहे.

– एक जुना वाचक, मिरज