विनू, तुझा सिबिल रिपोर्ट वाचला

पुणे, रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू इतका तापला होतास की मी नुसतं हं हं करत राहिलो. "आजवर कुणाचा रुपया बुडवला नाही, इतकी वर्षं भिशी ठरल्या तारखेला भरतोय, आणि बँक मला होम लोन नाकारते?" असं तू तीनदा तरी म्हणालास. काल रात्री जेवण उरकून तुझा रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचला. कर्जविभागात बसून मी रोज असे रिपोर्ट बघतो, तेव्हा स्पष्टच लिहितो.

तू भला माणूस आहेस हे अख्ख्या कराडला ठाऊक आहे, पण सिबिलला, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, ते कळायला मार्गच नाही. तुझी भिशी, व्यापाऱ्यांकडची उधारी, बँकेतली एफडी, नदीकाठचं शेत यातलं काहीही तिथे पोचत नाही. बँका आणि फायनान्स कंपन्या कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डांच्या नोंदी पाठवतात, तेवढंच त्यांना दिसतं. त्यावरून 300 ते 900 मध्ये एक आकडा निघतो. 750 च्या वर असला की आमच्यासारखे लोक फार खोदून विचारत नाहीत. तुझा 641 आहे. (आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण अशा कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीचा आकडा थोडा वेगळा येतो, त्याने घाबरू नकोस.)

आता रिपोर्टमधले ते चौकोन बघ, महिना आणि त्याच्याखाली आकडा. हप्ता किती दिवस थकला होता, ते तिथे लिहिलेलं असतं. तुझ्या मोबाइलच्या हप्त्यांखाली सगळीकडे 000 आहे, म्हणजे एकदाही उशीर नाही. त्याच्या पुढच्या पानावर पिकअपचं कर्ज आहे. तिथे मार्चखाली 32, एप्रिलखाली 61, मेखाली 29. तू म्हणशील, गाडी मेहुण्याची, कर्ज मेहुण्याचं, माझा काय संबंध? वर 'गॅरंटर', म्हणजे जामीनदार, लिहिलंय ना, तोच संबंध.

आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे लग्नाच्या याद्यांवर साक्षीदाराची सही केल्यासारखं वाटतं. पाहुण्यांनी कागद पुढे सरकवला, तू पेन काढलंस, वर चहा झाला. कायदा असा नाही बघत. 1872 च्या करार कायद्यात कलम 128 आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. मेहुण्याने हप्ता चुकवला की तुझ्या दाराशी येण्याआधी बँकेने त्याच्यावर दावा लावून थकलंच पाहिजे, असंही नाही. आणि आता 'माझं नाव काढा' म्हणालास तरी निघणार नाही. दुसरा जामीनदार किंवा तारण देऊन बँक राजी झाली तरच. तेव्हा वहिनींना वाईट वाटेल, पण मेहुण्याशी बोलावंच लागेल. हप्त्याच्या तारखेआधी त्याच्या खात्यात पैसे आहेत का, हे दर महिन्याला विचार. अगदीच अडलं तर हप्ता तू भर आणि वसुली घरात कर. तुझ्या घराचं कर्ज त्याच्या पिकअपवर अडकलंय, हे त्याला सांगायला लाजू नकोस.

दुसरी गोष्ट कार्डाची. वसुलीवाल्याने 'अर्धे भरा, विषय मिटवू' म्हटलं आणि तू खूश होऊन भरलेस. रिपोर्टवर ते खातं 'सेटल्ड' म्हणून बसलंय. आमच्या टेबलावर हा शेरा दिसला की माणूस पूर्ण पैसे देत नाही, असाच अर्थ घेतला जातो. उरलेली रक्कम भरायची तयारी दाखव, काही बाकी नसल्याचं नो ड्यूज सर्टिफिकेट घे आणि खातं 'क्लोज्ड' करून पाठवायला सांग. हे सगळं लेखी, फोनवर नाही.

आणि नकार आल्यावर रागारागात आणखी चार ठिकाणी अर्ज टाकलेस, तेही दिसतंय. बँक तुझा रिपोर्ट मागवते त्याची नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी आल्या की माणूस पैशासाठी मेटाकुटीला आलाय असं वाटतं. तू स्वतः रिपोर्ट काढलास तर काही बिघडत नाही. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे.

एका बाबतीत मात्र तुझा राग शंभर टक्के खरा आहे. जुन्या बाइकचं कर्ज तू कधीच फेडलंस, तरी ते चालू दिसतंय. ही त्या फायनान्स कंपनीची हयगय. सिबिलच्या साइटवर तक्रार घालायची. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. 'आठ दिवसांत स्कोअर वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटला दमडी देऊ नकोस. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि खोटी असेल तर ती फुकटात दुरुस्त होते.

नवीन, चांगल्या नोंदी हव्यात, तर तुझ्याच बँकेत एफडीवर कार्ड घे. 'सेटल्ड' शेरा असताना साधं कार्ड कुणी देणार नाही, पण एफडी तारण असली की बँकेला भीती नसते. 20,000 ची मर्यादा मिळाली तर पाच-सहा हजारांच्या वर जाऊ नकोस. दुकानाचं वीजबिल आणि पेट्रोल, बस. बिलावर 'मिनिमम ड्यू' असा छोटा गोंडस आकडा असेल, तिकडे बघूसुद्धा नकोस. तेवढाच भरलास तर उरलेल्यावर वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, शिवाय नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून. पूर्ण बिल भर, खात्यातून आपोआप कटेल असं लावून टाक.

आकडा हलायला सहा महिने तरी धर, पिकअपचे ते महिने मागे पडायला त्याहून जास्त. तोवर होम लोनचा अर्ज कुठेही टाकू नकोस. बिल्डर टोकनसाठी मागे लागला तर माझा नंबर दे त्याला.

बाइकचं कर्ज फिटल्याच्या दाखल्याचा, एनओसीचा, फोटो आज रात्री पाठव. दोन्ही बाजू, शिक्का नीट दिसेल असा. तक्रार आपण फोनवर बोलत बोलत एकत्रच भरू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर