उणे पंधरा व्होल्टसाठी, काका, मनापासून आभार

आदरणीय काका,

मागच्या शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावर जो बोर्ड ठेवून मी हताश उभा होतो, तो आता चालतोय. तुम्हाला फोन करून सांगता आलं असतं. पण घरी बसून पॉवर सप्लाय बांधणाऱ्या इतरांच्याही हे उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाबांच्या तबकड्यांसाठी फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट, बांधत होतो. त्याचा सप्लाय असा : 15-0-15 चा (मधून सेंटर टॅप काढलेला) ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, 2200 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, आणि व्होल्टेज 15 वर स्थिर ठेवणारे रेग्युलेटर : अधिक बाजूला 7815, उणे बाजूला 7915. दोनदा फ्यूज उडाला. ब्रिज बदलला, कपॅसिटर बदलले, नवा 7815 लावला. तीन आठवडे यातच गेले.

तुम्ही आधी काय केलंत, तर दोन्ही 5532 (सिग्नल वाढवणाऱ्या ऑप-अँप आयसी) सॉकेटमधून काढून माझ्या हातात दिल्या. "आधी सप्लाय, मग आयसी." तेव्हा मला घाई झाली होती. घरी आल्यावर डेटाशीट पाहिली : 5532 ची कमाल मर्यादा अधिक-उणे 22 व्होल्ट, आणि माझ्या रेग्युलेटरच्या अलीकडचं व्होल्टेज साडेबावीसच्या आसपास. दोन्ही रेग्युलेटर आरपार शॉर्ट झाले असते तर दोन्ही आयसी जाऊ शकल्या असत्या.

मग सिरीज बोर्डावर, म्हणजे मेन्सच्या वाटेत, 60 वॅटचा बल्ब लावून तुम्ही सप्लाय सुरू केलात. बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला, म्हणजे कुठेतरी शॉर्ट होता. मीटरवर अधिक बाजूला दोन व्होल्टही नाहीत, उणे बाजूला जवळजवळ शून्य. दोन्ही बाजू बिघडल्यात असंच मी धरून बसलो होतो. त्यावर तुम्ही म्हणालात, "ट्रान्सफॉर्मरची दोन्ही वाइंडिंग एकाच लोखंडावर आहेत. एकीचा गळा दाबला की दुसरीलाही श्वास मिळत नाही." अधिक बाजूचे निर्दोष भाग मी का बदलत बसलो होतो, ते मला त्या क्षणी कळलं.

सप्लाय बंद केलात, कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरवर खात्री केलीत आणि हीटसिंकचे दोन स्क्रू काढलेत. पुन्हा सुरू केल्यावर बल्ब क्षणभर चमकला आणि विझत गेला. 7815 ची धातूची पाठ ग्राउंडला जोडलेली असते. 7915 ची पाठ मात्र इनपुटला, म्हणजे थेट उणे व्होल्टेजला. मी दोघांना हीटसिंक म्हणून एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नुसतेच कसले होते, त्यामुळे उणे व्होल्टेज पट्टीतून थेट ग्राउंडला शॉर्ट होत होतं. दोघांच्या पायांचा क्रम वेगळा असतो हे मला माहीत होतं, तो मी तपासूनही घेतला होता. म्हणूनच त्या जागेवर मला शंका आली नाही. अभ्रकाची चकती आणि स्क्रूसाठी प्लास्टिकचा बुश, पाठ पट्टीपासून वेगळी ठेवायला एवढंच हवं होतं. चकती बसवल्यावर पट्टी आणि 7915 ची पाठ यांच्यात मीटर वाजत नाही ना, हेही तुम्ही माझ्याकडूनच बघून घेतलंत.

खरे आभार मला याच गोष्टीचे मानायचेत. गिऱ्हाइकं ताटकळत होती, तुम्ही दोन मिनिटांत दुरुस्त करून बोर्ड परत देऊ शकला असतात. त्याऐवजी काळी वायर क्रोकोडाइल क्लिपने सेंटर टॅपला अडकवलीत आणि लाल प्रोब माझ्या हातात दिलात. ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात करून प्रत्येक जागी आकडा मोठ्याने वाचायला लावलात. एसी 16.4 आणि 16.4. ब्रिजनंतर अधिक 22.4, उणे 22.5. रेग्युलेटरनंतर अधिक 15.03, उणे 14.96. शेवटी रिकाम्या सॉकेटच्या 8 आणि 4 नंबरच्या (अधिक आणि उणे सप्लायच्या) पायांत तीस. 15 ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले असताना 22 कुठून आले, हेही तुम्ही कागदाच्या कपट्यावर गुणाकार करून दाखवलंत : लोड नसल्यामुळे मिळालेल्या 16.4 ला 1.414 ने गुणायचं आणि डायोडचे 0.7 वजा करायचे. तो कपटा मी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

रविवारी आयसी बसवल्या. संध्याकाळी बाबांनी स्वतः सुई ठेवली. एका बाजूची तबकडी संपेपर्यंत ते खुर्चीतून हलले नाहीत, आणि संपल्यावर म्हणाले, "उलट." हमचा, म्हणजे सप्लायमुळे येणाऱ्या घुमण्याचा, आवाज अजिबात नाही, काका.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. ती क्रोकोडाइल क्लिप गडबडीत माझ्याबरोबर आली आहे. शनिवारी आणून देतो, बाबाही यायचं म्हणताहेत.

तुमचा,
फोनो प्रीअँपवाला