पिलं कापायची, बाग नाही

यावल, जि. जळगाव
२ डिसेंबर

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा माझ्या ऑनलाइन कामांच्या केंद्रात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "सी ड्राइव्ह लाल झालाय, ते सिस्टिम रिस्टोर बंदच करून टाकतो," ते काही डोक्यातून जाईना. रात्री दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. मग म्हटलं लिहूनच पाठवावं, म्हणजे समोर ठेवून तुला करता येईल. भो, हे वाचल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नकोस. सिस्टिम रिस्टोर म्हणजे कॉम्प्युटर बिघडला तर त्याला मागच्या चांगल्या दिवसावर नेणारी सोय, आणि तो मागचा टप्पा म्हणजे रिस्टोर पॉईंट. ही सोय चालू-बंद करायची जागा म्हणजे सिस्टिम प्रोटेक्शन. ते बंद केलं की आतापर्यंतचे सगळे रिस्टोर पॉईंट पुसले जातात आणि मग ते आणायचे म्हटले तरी येत नाहीत.

मी एवढ्या कळकळीने का सांगतोय, ते ऐक. गेल्या वर्षी माझ्याकडे पीएम किसानच्या ई-केवायसीला रोज पंचवीस-तीस शेतकरी येत होते. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि तेव्हापासून ते मधूनच अंगठा घेईना. मला वाटलं, केळीच्या चिकाने बोटं काळी पडलेली, रेषा झिजलेल्या, त्यामुळे होत असेल. मी लोकांना हात धुवायला लावायचो, ओल्या फडक्याने पुसायला लावायचो. किनगावचे एक बाबा तीन वेळा आले आणि तीन वेळा तसेच परत गेले. आठव्या दिवशी माझ्या पोराने अंगठा ठेवला, कॉलेजात जाणारं पोर, त्याचाही घेतला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोष बोटांचा नव्हता, मशीनच्या ड्रायव्हरचा होता.

म्हटलं, काळजी नाही, आठ दिवस मागे जाऊ. सिस्टिम रिस्टोर उघडलं. यादीत तेरा पॉईंट होते आणि सगळ्यात जुना चार दिवसांपूर्वीचा! एकूण एक पॉईंटवर माझ्याच सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं नाव. दर अपडेटआधी एक, दर स्कॅनआधी एक. ड्रायव्हर बिघडण्याआधीचा जो एक पॉईंट मला हवा होता, तो या गर्दीने बाहेर ढकलला होता. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून विंडोज नव्याने टाकलं. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं परत गेली. त्या बाबांचा चौथा हेलपाटा अजून माझ्या मनाला लागून आहे.

तुझ्या कृषी केंद्राच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर नेमकं हेच चाललं असणार. तुला जागा गेल्याचं दिसतंय, पण खरं नुकसान जागेचं नाही. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात तेव्हा आपण काय करतो? सगळी ठेवली तर ती आईचं खाऊन टाकतात आणि घड बारीक राहतो. म्हणून विळ्याने कापतो. पण एक चांगलं पिलू राखतो, नाहीतर त्याच्यावरचं पुढचं पीक, पिलबाग, कशाची धरायची? तू बंदच करायला निघालास म्हणजे ते राखायचं पिलूही कापायला निघालास.

आता आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे माझ्यावर नुसता विश्वास ठेवावा लागणार नाही. रिस्टोर पॉईंट म्हणजे अख्ख्या विंडोजची नक्कल नव्हे. पॉईंट पडला की त्यानंतर डिस्कवरचा एखादा तुकडा पहिल्यांदा बदलताना त्याचं जुनं रूप बाजूला ठेवलं जातं. विंडोज व्हिस्टापासून हे काम शॅडो कॉपी नावाची विंडोजच्या आतली सोय करते. पुढचा पॉईंट पडला की हिशोब पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे रोज बदलणाऱ्या त्याच तुकड्यांची जुनी रूपं पुन्हा पुन्हा साठत जातात. महिन्यात चार पॉईंट पडले तर जेवढी जागा लागते, त्याहून चाळीस पॉईंटना कितीतरी जास्त लागते. आणि जागेला मर्यादा घातलेली असते. ती भरली की सगळ्यात जुना पॉईंट आपोआप जातो. तुला विचारत नाही, सांगतही नाही.

आधी यादी बघ. स्टार्टमध्ये 'आरएसटीआरयूआय' (इंग्रजीत rstrui) टाईप कर आणि पुढच्या पानावर जास्तीचे पॉईंट दाखवायची चौकट दिसली तर तिच्यावर टिक कर. तारीख, वेळ आणि कशामुळे पडला ते लिहिलेलं असतं. एकाच सॉफ्टवेअरचं नाव रांगेने दिसलं की चोर सापडला. मग त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जा. प्रगत सेटिंगमध्ये कुठेतरी 'स्कॅनपूर्वी' किंवा 'अपडेटपूर्वी रिस्टोर पॉईंट तयार करा' अशा अर्थाची टिक असते. ती काढ. माझं निम्म्याहून जास्त काम तेवढ्यानेच झालं.

तुझ्याकडे विकतचं काही नसून नुसता डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबत येणारा अँटिव्हायरस असेल, तर पॉवरशेलमध्ये (विंडोजची हुकूम टाईप करायची खिडकी) 'गेट-एमपीप्रेफरन्स' (Get-MpPreference) चालव आणि 'डिसेबल रिस्टोर पॉईंट' (DisableRestorePoint) ही ओळ शोध. तिथे 'ट्रू' दिसलं तर डिफेंडर पॉईंट पाडत नाही. उलटं वाचू नकोस, मी पहिल्यांदा उलटंच वाचलं होतं.

टिक काढूनही दिवसात तीन-चार पॉईंट पडत राहिले तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही (स्टार्टमध्ये regedit), बघावी लागेल. विंडोज ८ पासून नियम असा आहे की गेल्या २४ तासांत पॉईंट पडलेला असेल, तर एखाद्या सॉफ्टवेअरने नवा मागितला तरी तो टाळला जातो. पण रजिस्ट्रीत 'सिस्टिम रिस्टोर पॉईंट क्रिएशन फ्रीक्वेन्सी' (सगळं जोडून लिहिलेलं, SystemRestorePointCreationFrequency) हे मूल्य ० करून ठेवलं असेल, तर हा नियमच उठतो आणि मागेल तेवढे पॉईंट पडतात. माझ्याकडे ते ० च होतं. लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन आणि त्यात सिस्टिम रिस्टोर, अशा वाटेने जा. आकडा मिनिटांचा आहे. १४४० म्हणजे एक दिवस. भरताना दशमान (Decimal) पद्धत निवडायला विसरू नकोस. ते मूल्य तिथे नसेलच तर काही करायचं नाही, २४ तासांचा नियम लागूच आहे. कुणी १००८० म्हणजे आठवड्याचा आकडा सुचवेल, पण मला तो पटत नाही. नवा ड्रायव्हर टाकताना पडणारा कामाचा पॉईंटही मग टळू शकतो, आणि आपल्याला तर तोच हवा असतो. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी तेवढा भाग एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेव.

जागेचं म्हणशील तर सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये 'कॉन्फिगर' दाबलं की पट्टी येते. माझ्या २४० जीबीच्या डिस्कवर मी ती ५ टक्क्यांवर ठेवली आहे, म्हणजे साधारण ११-१२ जीबी. फार खाली ओढलीस तर जुने पॉईंट लगेच जातील, म्हणून आधी गर्दी थांबव आणि पट्टी मग हलव. तुझ्या मुलीच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असेल, तर जून २०२५ च्या अपडेटनंतर तिथे पॉईंट ६० दिवसांपर्यंतच राहतात.

आणि एक, नाना. तुझी बिलं, उधारीच्या याद्या, फोटो यांना रिस्टोर पॉईंट वाचवत नाही, ते काम त्याचं नाहीच. खंडणी मागणारे व्हायरस तर बहुतेकदा आधी शॅडो कॉपीच पुसतात. उधारीचा डेटा दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घे आणि ती डिस्क काढून गल्ल्यात ठेव. रब्बीची उधारी सुरू झालीच आहे, उशीर करू नकोस.

यातलं काही अडलं तर सरळ सीपीयू गाडीत टाक आणि ये. शिरपूरहून सकाळी निघालास तर चोपड्यावरून जेवायला इकडे पोहोचशील. बामणोदची वांगी आली आहेत, शेतातच कपाशीच्या काड्यांवर भाजू. कळण्याच्या भाकरी घरून करून नेऊ. माझी आई तुझी फार आठवण काढते.

वहिनींना नमस्कार सांग. आणि त्या यादीचा फोटो मला आज रात्रीच पाठव, बटण दाबायच्या आधी.

तुझाच,
आप्पा